मित्लाची नक्षी सांगून आम्हाला एमडीएफ विकलं

मेक्सिकोत वाहाकाहून हाताने घडवलेलं फर्निचर मागवायचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

आम्ही चार वर्षं मेक्सिको सिटीत राहतोय. वाहाका शहरापासून साधारण 45 किमीवर मित्ला आहे. तिथल्या झापोटेक या प्राचीन लोकांच्या वाड्याच्या भिंतींसमोरून माझा पाय निघेना. दगडाचे लहान लहान तुकडे घडवून, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले. त्यातून पायऱ्या चढत जाऊन आत वळणारी नक्षी. तिकडे तिला ग्रेका म्हणतात. ती घरात हवी, हे तिथेच ठरलं.

वाहाकातल्या एका शोरूममध्ये तशी नक्षी असलेलं बुटकं कपाट दिसलं. पारोता नावाच्या तिकडच्या झाडाचं अख्खं लाकूड, नक्षी पटाशीने हाताने कोरलेली, असं सांगितलं. नमुना खरंच देखणा होता, मी हात फिरवून पाहिला. किंमत 48,000 पेसो. 30,000 आगाऊ भरले.

तीन महिन्यांनी खोकं आलं. उरलेले पैसे दिल्याशिवाय ट्रकवाला ते उघडू देईना. दिले. दार उघडून कड पाहिली. अख्ख्या फळीत लाकडाच्या रेषा पृष्ठभागावरून कडेपर्यंत जुळत जातात; इथे कडेला वेगळीच पट्टी चिकटवलेली. मागच्या स्क्रूच्या भोकात काडी फिरवली तर पिठासारखा तपकिरी भुसा गळला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर पारोताचा पातळ पापुद्रा.

आणि नक्षी! आतले सगळे कोपरे गोलसर. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचं बिट (कापायचं पातं) गरगर फिरत कापतं, म्हणून आतल्या कोपऱ्यात त्याची गोलाई उरते. पटाशीचा कोपरा काटकोनात निघतो. दोन्ही दारांवरच्या वळणांत केसाचाही फरक नाही. मशिनचं काम म्हणून विकलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण हाताच्या कामाचा भाव लावून हे खपवलं की वाहाकाच्या खोऱ्यात खरोखर पटाशी चालवणाऱ्या सुताराचीच मजुरी बुडते. मला त्याचा जास्त राग आहे.

शोरूम आता फोन उचलत नाही. तक्रार करायची तर हातात पुरावा हवा, आणि माझ्या पावतीवर फक्त ‘एक कपाट’ लिहिलंय. तुम्ही लाकडाचं नाव, अख्खं की पापुद्रा, कोरीवकाम हाताचं की मशिनचं, सगळं पावतीवर लिहून घ्या. काम चालू असतानाचे फोटो मागा. खोकं उघडून पाहिल्यावरच उरलेले पैसे द्यायचे, हेही आधीच लिहून घ्या.

परवा एका वाहाकाच्या सुताराला कपाट दाखवलं. त्याने नक्षीच्या आतल्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.