जागतिक बँकेची आकडेवारीची साइट: फुकट आहे, पण आकडा बघून उचला

कोल्हापुरात शाहूपुरीत बी.कॉम.च्या पोरांचे क्लास घेतो. भारत आणि न्यूझीलंडचा वस्तू-सेवांवरचा कर शेजारी ठेवून दाखवायचा होता, म्हणून ही साइट धरली. लॉगिन नाही, पैसे नाहीत. दोन देश टाकले की आलेखावर दोन रेघा समोर, वर एक्सेल फाइलही उतरवता येते. इथवर नाद खुळा!

खरी मेख आकड्यांत आहे. भारताची रेघ केंद्र सरकारची. २०१७ आधी राज्यं जो व्हॅट गोळा करायची तो त्यात नाही, आजचा एसजीएसटी, म्हणजे जीएसटीतला राज्याचा वाटा, तोही नाही. न्यूझीलंडात राज्यंच नाहीत. १९८६ ला १० टक्क्यांनी सुरू झालेला जीएसटी, १९८९ ला साडेबारा, २०१० पासून १५, सगळा एकाच तिजोरीत. मग आपली रेघ खाली दिसली की पोरं म्हणणार, "सर, आपल्याकडं कर कमी हाय की!" गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, तीन टक्के जीएसटी भरून सोनं घेणाऱ्याला विचारा, त्यातला अर्धा राज्याचा असतो.

आणि स्थानिक चलनातला आकडा घेऊ नका, रुपये-डॉलरची तुलना कसली करताय? सरकारच्या महसुलात या कराचा वाटा किती, ती टक्केवारी घ्या.

पाचपैकी चार तारे. मराठी असती तर पाचवाही दिला असता.