भाजल्याच्या वणावर नॅनोफॅट, पीआरपी आणि मायक्रोनीडलिंग: १० महिन्यांच्या वापरानंतर

या उपचारांनी वण पुसला जात नाही, तो मऊ होतो. कोपरासारख्या सतत वाकणाऱ्या जागी हा मऊपणाच सगळ्यात मोलाचा.

वण कोपराच्या आतल्या बाजूचा, उकळत्या पाण्याचा. जखम भरायला ३ आठवड्यांहून जास्त लागले की वण जाड आणि उंच होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि इथे तसंच झालं होतं. मात्र तो जखमेच्या मूळ हद्दीतच राहिला होता. हद्द ओलांडून निरोगी कातडीवर पसरणारा वण म्हणजे केलॉइड, आणि त्यावर सुया टोचल्या तर तो आणखी वाढू शकतो. पहिल्याच भेटीत हे न तपासणाऱ्या ठिकाणी उपचार घेऊ नयेत. पहिलं वर्ष सिलिकॉन शीट आणि दिवसाला २३ तास प्रेशर गारमेंट (वण दाबून धरणारा घट्ट कपडा) यांत गेलं. लाली उतरल्यावर, १४व्या महिन्यात पुढचं सुरू झालं.

आधी नॅनोफॅट, एकदाच. पोटाची चरबी बारीक छिद्रांच्या कॅन्युलाने (पोकळ नळीने) काढून धुतात. मग १० मिलीच्या दोन सिरिंज एकमेकींना जोडून ती साधारण ३० वेळा इकडून तिकडे ढकलतात आणि जाळीतून गाळतात. उरलेला पातळ द्रव २७ गेजच्या सुईतूनही जातो. यात चरबीच्या पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे खड्डा भरून येत नाही. तो भरायला न फोडलेली चरबी लागते आणि तिचाही काही भाग शरीर शोषून घेतं. नॅनोफॅटमध्ये कामाच्या असतात त्या चरबीच्या आधार-ऊतीतल्या पेशी. त्यात मूळ पेशी (स्टेम सेल) थोड्याच, म्हणून ‘स्टेम सेल थेरपी’ या नावाने हे विकणं दिशाभूल करणारं आहे. बिघडतं ते बहुतेक टोचताना. वण खालच्या थराला चिकटलेला असेल तर आधी ती चिकट सोडवावी लागते, नाहीतर द्रव दाबाने सुईच्या भोकातून परत बाहेर येतो. परिणाम हळूहळू दिसतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वण चिमटीत उचलता येऊ लागला, खाज त्याआधीच कमी झाली होती.

त्यानंतर ६ आठवड्यांच्या अंतराने मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी वणात छिद्रं पाडणं) आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला द्रव) यांच्या ४ सिटिंग. सुईची खोली १.५ ते २ मिमी, कारण जाड वणात ०.५ मिमीचा घरगुती रोलर पोचतच नाही. बधिर करणारी क्रीम ४५ ते ६० मिनिटं ठेवतात. ती मोठ्या भागावर जाड थापून प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं, कारण औषध रक्तात उतरतं, आणि लहान मुलांत तर हा धोका जास्तच. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले की थांबायचं. रक्त ओघळेपर्यंत फिरवलं तर वण पुन्हा चिडतो. दोन सिटिंगमधलं अंतर कमी केलं तरी तेच होतं.

पीआरपीत रक्त यंत्रात वेगाने दोनदा फिरवतात. पहिल्या हळू फेरीत तांबड्या पेशी वेगळ्या होतात, दुसऱ्या जलद फेरीत प्लेटलेट खाली जमतात. २० मिली रक्तातून २ ते ३ मिली हाती येतं. ते पिवळसर हवं. लाल असेल तर तांबड्या पेशी मिसळल्या आहेत आणि आग जास्त होणार. आधी आठवडाभर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्या, दुखल्यास पॅरासिटामॉल. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. खरं सांगायचं तर या तिघांत पीआरपीचा स्वतंत्र वाटा सगळ्यात कमी जाणवला. सुया टोचल्यानंतरची लाली लवकर उतरते, एवढंच खात्रीने म्हणता येईल.

घरची बाजू सुटली तर वरचं सगळं वाया जातं. टोचलेली छिद्रं बुजली की, म्हणजे ३-४ दिवसांनी, सिलिकॉन शीट पुन्हा सुरू. दिवसाला किमान १२ तास, आणि शीट व त्वचा दोन्ही रोज धुवायची, नाहीतर घामाने पुरळ येतं. ताणाने वण पांढरट पडेपर्यंत कोपर हळूहळू सरळ ताणून धरायचं, दिवसातून अनेकदा, आणि रात्री हात सरळ ठेवणारा स्प्लिंट. उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दर २ तासांनी. सावळ्या कातडीवर काळपटपणा पटकन धरतो. फ्रॅक्शनल सीओटू लेसरने तो धोका वाढतो, म्हणूनच इथे सुया निवडल्या.

रंग फारसा बदलला नाही. त्या जागी केस आणि घाम परत येत नाहीत, येणारही नाहीत. वणाच्या कडेला हात सरळ करताना ताणली जाणारी दोरी तशीच आहे. तिच्यावर आणखी सिटिंग घेण्यात अर्थ नाही, तिथे झेड-प्लास्टीची (‘Z’ आकाराचे छेद देऊन ताण सैल करणारी) शस्त्रक्रियाच लागते. आणि जुन्या वणावर न भरणारी जखम झाली तर यातलं काहीही करण्याआधी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करून घ्यायची, कारण अशा जखमेत त्वचेचा कर्करोग असू शकतो.