एका बल्बचे १ लाख ९० हजार

मी व्यवसायाने डॉक्टर असून विलेपार्ल्यात माझा दवाखाना आहे. उड्डाणाची हौस असलेल्या आम्ही तिघा मित्रांनी काही वर्षांपूर्वी भागीदारीत एक जुने पायपर अ‍ॅरो विमान घेतले आणि ते जुहूच्या विमानतळावर भाड्याच्या हँगरमध्ये ठेवले. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत या विमानाच्या चाकांचे दिवे दुरुस्त करून देतो असे सांगून एका माणसाने आमच्याकडून १ लाख ९० हजार रुपये उकळले. पैसे गेल्याची हळहळ आता ओसरली आहे. तरीही हे सविस्तर लिहीत आहे, कारण या माणसाने आमच्या विमानातले काहीही मोडले नाही किंवा चोरले नाही. विमानात मुळातच असलेली एक सोय त्याने बिघाड म्हणून दाखवली आणि ती दुरुस्त केल्याचे पैसे घेतले. लहान विमान बाळगणारा कोणीही या जाळ्यात सापडू शकतो.

ज्यांना या विमानांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अ‍ॅरोची चाके उड्डाणानंतर आत घेतली जातात आणि उतरण्यापूर्वी खाली सोडली जातात. वैमानिकाला आपल्या जागेवरून ती दिसत नाहीत. ती खाली येऊन पक्की बसली की नाही हे कळण्यासाठी समोरच्या पॅनेलवर तीन हिरवे दिवे असतात, एक नाकाखालच्या चाकाचा आणि दोन पंखांखालच्या चाकांचे. चाक पूर्ण खाली येऊन जागच्या जागी पक्के बसले की तेथील लहानसा मायक्रोस्विच दाबला जातो आणि त्या चाकाचा दिवा लागतो. चाके अधांतरी असली की वेगळा लाल दिवा लागलेला राहतो. तीन हिरवे लागलेले आणि लाल विझलेला, एवढे पाहिल्याशिवाय कोणी उतरत नाही.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी बारामतीहून परत येताना मी चाके खाली सोडली आणि डावा हिरवा दिवा लागला नाही. लाल दिवा विझला होता, उरलेले दोन्ही हिरवे लागले होते. या विमानातले हे तिन्ही दिवे बोटांनी ओढून काढता येतात आणि एकमेकांच्या जागी बसवता येतात. ही सोय अशाच प्रसंगासाठी असते. मी डावा दिवा काढून उजव्याच्या जागी बसवला आणि उजवा डावीकडे लावला. डावीकडे लख्ख उजेड पडला आणि उजवीकडे अंधार झाला. याचा अर्थ चाक, स्विच आणि तार हे सगळे ठीक होते, फक्त बल्ब उडाला होता. विमान नेहमीसारखे उतरले. आमच्या अडचणीचे खरे निदान त्या दिवशी हवेतच झाले होते आणि ते मीच केले होते, हे पुढचे सगळे वाचताना कृपया ध्यानात ठेवावे, कारण मी स्वतः ते ठेवले नाही.

आमचे नेहमीचे इंजिनिअर गौरी-गणपतीसाठी सावंतवाडीकडे आपल्या गावी गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. आमच्या एका भागीदाराला पुढच्या आठवड्यात विमान घेऊन जळगावला जायचे होते. जुहू म्हटले की १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरलेले जेआरडी टाटा लोकांना आठवतात. आज मात्र त्या विमानतळावर मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते, आणि पिस्टन इंजिनाच्या लहान विमानावर हात बसलेला माणूस शोधावा लागतो. हँगरच्या आवारातल्या एका ओळखीच्या माणसाने ‘एक चांगला तंत्रज्ञ आहे, लगेच येईल’ असे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी ते गृहस्थ हजर झाले. वय पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात टॉर्च आणि मल्टिमीटर, बोलणे मृदू. मी त्यांना बल्ब बदलायचा आहे एवढेच सांगितले होते.

त्यांनी आधी हँगरमध्ये मास्टर स्विच, म्हणजे विमानाची वीज सुरू करणारे मुख्य बटण, लावून दिवे पाहिले. मग म्हणाले, “इथं अंधार आहे डॉक्टर, बाहेर उजेडात घेऊ या, म्हणजे नीट दिसेल.” आम्ही दोघांनी आणि वॉचमनने विमान ढकलत बाहेर काढले. दुपारचे बारा वाजले होते आणि दोन दिवसांच्या पावसानंतर कडक ऊन पडले होते. ते वैमानिकाच्या आसनावर बसले आणि मी दारातून पंखावर उभा राहून आत वाकून पाहत होतो. उडालेल्या बल्बच्या जागी त्यांनी नवा बल्ब घातला, मास्टर लावला, तीनही दिवे झळकले. माझ्या मते काम तेथेच संपायला हवे होते. पण ते म्हणाले, “थोडा वेळ बघू, लोड आल्यावर काय होतं ते.” असे म्हणत त्यांनी पॅनेलवरची दोन-तीन बटणे इकडेतिकडे केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तीनही हिरवे दिवे मंदावत इतके फिके झाले की त्या उन्हात ते लागले आहेत की विझले आहेत हे कळेना. हाताची ओंजळ धरून पाहिले तेव्हा आत कोळशासारखी धुगधुगी दिसली.

ते काही क्षण बोललेच नाहीत. आता वाटते की ती शांतता हीच त्यांची खरी कारागिरी. मग त्यांनी सावकाश सांगितले की वायरिंग आतून कुजले आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, चार महिने पावसाळ्यात विमान उभे होते, खाऱ्या हवेने मायक्रोस्विचचे संपर्क गंजले आहेत, आणि बल्ब उडाला तो त्यामुळेच. यातले प्रत्येक वाक्य एरवी खरे असू शकते. जुहूच्या हवेत लोखंड, तांबे काहीच सुखाने राहत नाही हे आम्हाला दर पावसाळ्यानंतर दिसते. म्हणूनच ते पटले.

वर त्यांनी मला १९७२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मायामीजवळ झालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या अपघाताची गोष्ट सांगितली. नाकाखालच्या चाकाचा दिवा लागला नाही, तेवढ्यावरून अख्खे विमान दलदलीत कोसळले आणि १०१ माणसे दगावली. गोष्ट खरी आहे. मात्र त्यातला महत्त्वाचा भाग त्यांनी गाळला होता, आणि मला तो ठाऊक असूनही त्या वेळी सुचला नाही. त्या विमानाचे चाक व्यवस्थित खाली होते, बल्ब तेवढा उडाला होता, आणि कॉकपिटमधले सगळे त्या बल्बमध्ये गुंतल्यामुळे विमान हळूहळू खाली चालले आहे याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. मीही त्या दुपारी तीन दिव्यांकडेच टक लावून पाहत होतो. त्यांचा डावा हात कोणत्या बटणावर होता हे मी पाहिले नाही.

सहा मायक्रोस्विच, तिन्ही चाकांचे वायरिंग आणि मजुरी असा २ लाख १० हजारांचा आकडा त्यांनी सांगितला आणि घासाघीस होऊन १ लाख ९० हजारांवर सौदा ठरला. साठ हजार आगाऊ यूपीआयने घेतले, तेही त्यांच्या स्वतःच्या नव्हे तर ‘पुरवठादारा’च्या म्हणून सांगितलेल्या खात्यावर. उरलेले रोख मागितले. जीएसटीचे बिल हवे असेल तर महिना लागेल, असे सांगितले. रुग्णाला एक्स-रे दाखवून घाबरवणारे आणि त्याच दिवशी ऑपरेशन टेबलावर घेऊ पाहणारे माझ्या व्यवसायातही आहेत. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या असे मी रोज लोकांना सांगतो. स्वतःच्या विमानाच्या बाबतीत मात्र मी एक फोनसुद्धा केला नाही.

पाचव्या दिवशी काम झाल्याचा निरोप आला. प्लास्टिकच्या पिशवीत सहा जुने स्विच, सुट्या भागांच्या अमेरिकन प्रमाणपत्राची एक झेरॉक्स आणि सही-शिक्क्याची नोंद केलेले लॉगबुक, म्हणजे विमानावर झालेल्या कामांची नोंदवही, माझ्या हाती आले. मास्टर लावल्यावर दिवे लखलखीत लागले. मी राहिलेले पैसे मोजून दिले आणि वर त्यांच्या हातावर मोदकांचा पुडा ठेवला. निघताना वॉचमन मला सहज म्हणाला, “साहेब, यांनी जॅक तर मागितलेच नाहीत.” मी मान डोलावली आणि गाडीत बसलो.

तीन आठवड्यांनी आमचे इंजिनिअर परतले. लॉगबुक वाचून त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: “जॅकवर कोणी चढवलं होतं?” चाकांचे स्विच बदलले की विमान जॅकवर उचलून चाके अनेकदा आत-बाहेर करून पाहावीच लागतात, कारण स्विच केसभर चुकीच्या जागी बसला तर चाक पक्के न अडकताही हिरवा दिवा लागू शकतो, आणि तो न लागलेल्या दिव्यापेक्षा कितीतरी अधिक घातक. त्यांनी विमान जॅकवर घेतले आणि मला खाली वाकवून टॉर्चच्या उजेडात डाव्या चाकाचा स्विच दाखवला. त्याच्या स्क्रूंवरचा जुना रंग अखंड होता, त्यावर ग्रीस आणि धुळीचा वर्षानुवर्षांचा थर होता, आणि त्या थरात कोणाच्या पान्याची एक ओरखडसुद्धा उठलेली नव्हती. साधारण वीतभर तारेवर मात्र नवे काळे वेष्टन चढवून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या होत्या, कोणी वाकून पाहिलेच तर नवे काहीतरी दिसावे म्हणून. पिशवीतले सहा जुने स्विच आमच्या विमानाचे नव्हतेच.

“पण दिवे फिके पडत होते ते मी स्वतः पाहिलं,” मी म्हणालो. त्यांनी काही न बोलता मास्टर लावला, पॅनेलच्या आतल्या उजेडाचे गोल बटण अंगठ्याने जरासे फिरवले आणि तीनही दिवे फिके पडले. बटण मागे फिरवल्यावर पूर्ववत झाले. “हे असंच असतं, डॉक्टर. रात्री पॅनेलचे दिवे लावले की हे आपोआप मंद होतात, डोळे दिपू नयेत म्हणून. तुमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे.” खरोखरच विमानाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे की दिवसा उड्डाण करताना पॅनेलचे दिवे बंद ठेवावेत, नाहीतर चाकांचे दिवे पुरेसे उजळ दिसणार नाहीत. मी हे विमान इतकी वर्षे उडवतो, पण रात्री कधी उडवलेले नाही, त्यामुळे त्या बटणाला माझा हात कधी लागलाच नव्हता. विमान भर उन्हात ओढून नेण्याचे कारण तेव्हा माझ्या लक्षात आले. हँगरच्या सावलीत तेच दिवे मंद असूनही स्पष्ट दिसले असते.

त्यांनी तिन्ही बल्ब काढून त्यांवरचे आकडेही पाहिले. आमच्या विमानाची वीजव्यवस्था १४ व्होल्टची आहे, आणि त्याच आकाराचा २८ व्होल्टचा बल्ब चुकून किंवा मुद्दाम बसवला तर तोही कायम मिणमिणता जळतो. बल्ब बरोबर निघाले. संपूर्ण व्यवहारात खरा माल तेवढाच होता, काही शे रुपयांचा एक बल्ब.

लॉगबुकातल्या शिक्क्यावर विमान दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याच्या परवान्याचा वर्ग बी-१.३ असा होता. हा वर्ग टर्बाइन हेलिकॉप्टरचा. पिस्टन इंजिनाच्या विमानाला बी-१.२ लागतो. शिक्क्यावर नाव असलेल्या अभियंत्याचा शोध लागला तेव्हा कळले की ते एका हेलिकॉप्टरवर काम करणारे सज्जन गृहस्थ असून आपल्या नावाचा शिक्का कोणीतरी करून घेतला आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. ते माझ्याहून अधिक हादरले, कारण त्यांचा परवानाच पणाला लागला होता. प्रमाणपत्राची जी झेरॉक्स मला दिली होती तिच्यावरचा भागाचा क्रमांक स्विचचा नव्हताच. तो क्रमांक विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगशी ताडून पाहायला मला पाच मिनिटे पुरली असती.

आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची लेखी तक्रार दिली आणि खोट्या नोंदीबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला स्वतंत्र पत्र पाठवले. पोलिसांना चाकांचे दिवे, स्विच आणि जॅक समजावून सांगण्यात एक दुपार गेली. खरे सांगायचे तर त्यांना रोखीने दिलेल्या पैशांची पावती हवी होती आणि ती आमच्याकडे नव्हती. यूपीआयच्या साठ हजारांचा माग लागतो आहे. उरलेल्या १ लाख ३० हजारांच्या बाबतीत माझ्यापाशी माझ्या शब्दाखेरीज काहीही नाही.

लॉगबुकातली नोंद खोडता किंवा पान फाडता येत नाही. आमच्या इंजिनिअरनी त्या खोट्या नोंदीवर मजकूर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारली, बाजूला तारीख आणि सही केली, विमान पुन्हा जॅकवर घेऊन चाके दहा वेळा आत-बाहेर केली, आणि खाली निळ्या शाईत झालेल्या कामाची एका ओळीची नोंद लिहिली: डाव्या चाकाच्या दिव्याचा बल्ब बदलला.