घोडा कमी घेऊन खेळणारी लीला: काही महिन्यांचा अनुभव

लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर लीला या इंजिनाचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामचा, एक बॉट (आपोआप खेळणारा खेळाडू) आहे, तो आपला वजिराकडचा घोडा पटावर न ठेवताच खेळतो. पैसे लागत नाहीत. गेले काही महिने मी बहुतेक रात्री त्याच्याशी खेळतेय.

बरोबरीच्या मोहऱ्यांनी इंजिनाशी लढत आता उरलेलीच नाही. २००६ मध्ये बॉनला तेव्हाचा जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झ या इंजिनाकडून ४-२ने हरला, आणि आजचं फोनवरचं स्टॉकफिश इंजिन त्याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून मास्टरांनाही सवलत घ्यावी लागते. २०१६ मध्ये ग्रँडमास्टर नाकामुरा कोमोडो इंजिनाशी असे सवलतीचे चार डाव खेळला. प्याद्याची किंवा मोहऱ्यांची (इंजिनाचा हत्ती कमी, त्याचा घोडा कमी) सवलत असलेले तीन बरोबरीत सुटले. सुरुवातीच्या चार चाली फुकट मिळालेला डाव मात्र तो हरला. मला हे फार बोलकं वाटतं: चालींची आघाडी इंजिन हळूहळू पुसून टाकतं, पण पटावर नसलेलं मोहरं त्याला परत आणता येत नाही.

स्टॉकफिशला घोडा कमी दिला तर ते समोरचा अचूकच खेळणार असं धरून चालतं. लीलाचा हा बॉट समोरचा चुकेल असं धरतो. म्हणून तो मोहऱ्यांची अदलाबदल टाळतो, गुंता वाढवतो, वजीर शेवटपर्यंत पटावर ठेवतो. आपण नेमकं उलट करायचं. वजिरांची अदलाबदल मिळाली तर एखादं प्यादं गेलं तरी घ्यावी. राजा लवकर सुरक्षित करावा, रेषा उघडाव्यात, मोहरी कमी करत जावीत. २००३ मध्ये न्यूयॉर्कला माजी जगज्जेता कास्पारोव्हने प्याद्यांनी पट बंद करून एक्सथ्रीडी फ्रिट्झ या इंजिनाला तिसऱ्या डावात अगदी हतबल केलं होतं. तो उपाय इथे करू नका. बंद पटावर लीला शांतपणे जागा बळकावत जाते आणि आपला जादा घोडा मागे कोंडून बसतो.

घड्याळाकडेही लक्ष हवं. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, मी जिंकत आलेले डाव शेवटच्या मिनिटात जातात. पंधरा मिनिटं आणि दर चालीला वाढीव दहा सेकंद घेतले की खरी झुंज होते, आणि अधूनमधून डाव माझ्या बाजूनेही सुटतो.

उणीव एकच. डाव संपल्यावर कुठे घसरलो हे बॉट सांगत नाही, आणि विश्लेषणातले आकडे त्याचं कारण देत नाहीत. ते स्वतः किंवा प्रशिक्षकासोबत बसून शोधावं लागतं. अगदी नवशिक्यांनी आधी वजीर कमी घेऊन खेळणारा याच घरातला बॉट घ्यावा.