बायपासनंतरचं दुखणं: कोणती गोळी द्यावी?

बाबांना बायपासनंतर घरी आणलं तेव्हा तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये (खोल श्वासाच्या व्यायामाचं साधन) एक चेंडू जेमतेम वर जायचा आणि ते छातीला हात लावून थांबायचे. ‘दुखतंय, पण सहन होतंय,’ म्हणायचे. सहन करू देऊ नका. दुखण्यापायी माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. म्हणून माझी कसोटी एकच: गोळी घेतल्यावर पेशंटला छातीशी उशी धरून नीट खोकता येतं का?

पहिला मान पॅरासिटामॉलचा. तिने रक्तस्राव वाढत नाही, पोटालाही ती सोसते. फक्त कळ आल्यावर नाही, घड्याळ लावून द्यायची. ६५०ची गोळी दर सहा तासांनी म्हणजे दिवसाला २६०० मि.ग्रॅ. कमाल मर्यादा ४०००; वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉलही यात धरा.

तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर ट्रॅमाडॉल जोडतात. ती जोरकस आहे, पण मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ घेऊन येते. बाबा रात्री बाथरूमला उठले आणि भोवळ येऊन दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. तेव्हापासून रात्री मी त्यांना एकटं उठू दिलं नाही. थोडेच दिवस, आणि सोबत पोट साफ राहण्याचं औषध, अशीच ती द्यावी. फिट्स येत असतील किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि घरात पडून असलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक? अजिबात नको. गुडघ्याला गुण आला म्हणून इथे चालत नाही. किडनीवर ताण येतो, अंगात पाणी साठतं, आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवी येते. याच जातीच्या व्हॅल्डेकॉक्सिबमुळे बायपासच्या पेशंटमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वाढल्याचं दिसलं. २००५ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असते, नाव ओळखीचं म्हणून फसू नका. डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र चालूच ठेवायची, ती नवी रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून असते.

कूस बदलताना छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं, ताप आला किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर गोळी बदलत बसू नका. त्याच दिवशी सर्जनला दाखवा.