आधी यंत्राची लाल रेघ, मग संपादिकांची पेन्सिल

आमच्या वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेचा सुमारे दीडशे पानांचा मजकूर तयार करताना मी लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, शुद्धलेखन तपासणाऱ्या हनस्पेल प्रणालीवर चालणारा मराठी शब्दकोश वापरला आणि त्यानंतर तोच मजकूर एका अनुभवी संपादिकांकडे सोपवला. या जोडीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. मात्र कोणते काम कोणाकडून घ्यायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

हनस्पेल मूळ शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम यांची सांगड घालून एकेक शब्द तपासते. मराठीत हे सोपे नाही, कारण प्रत्यय लागताना 'गरीब'चे 'गरिबाला' होते, पण तत्सम 'शरीर'चे 'शरीराला' असेच राहते. टंकनाच्या आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या बहुतेक चुका याच टप्प्यावर निघाल्या, त्यामुळे संपादिकांना वेलांट्या दुरुस्त करत बसावे लागले नाही. 'वाचनालयासमोरच्यांनीसुद्धा' अशा लांबलचक, पण बिनचूक शब्दाखालीही चुकीची खूण असलेली लाल रेघ उमटू शकते, हे गृहीत धरावे. युनिकोड या अक्षरांच्या प्रमाण संगणकीय पद्धतीत नसलेल्या जुन्या फाँटातला मजकूर आधी रूपांतरित करावा लागतो.

खरा प्रश्न १९३४ च्या इतिवृत्तांतील उताऱ्यांचा होता. त्यांत 'नांव', 'कांहीं', 'पुस्तकें' असे शब्द जागोजागी होते आणि जवळजवळ प्रत्येक ओळ लाल झाली होती. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले, म्हणून मीही ते पुसायला निघालो होतो. संपादिकांनी मला थांबवले. उतारा हा त्या काळचा दस्तऐवज आहे, तो जसाच्या तसा छापावा आणि नवे नियम फक्त आपल्या लेखनाला लावावेत, असे त्यांनी समजावले. एकाच देणगीचे साल एका लेखात १९३६ आणि दुसऱ्यात १९३९ पडले होते, तेही त्यांच्याच नजरेस आले. शब्द तपासणाऱ्या साधनाला ते दिसणे शक्यच नव्हते.

शब्दकोश विनामूल्य आहे, संपादिकांना पानागणिक मानधन द्यावे लागले आणि ते मी आनंदाने दिले. वापरणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती: 'सर्व बदला' ही आज्ञा उताऱ्यांवर कधीही देऊ नका आणि खात्री नसलेला शब्द स्वतःच्या कोशात घालू नका, कारण एकदा आत गेलेली चूक पुढे प्रत्येक पानावर बरोबर ठरते.

संपादिकांच्या दुरुस्त्या संगणकावर चढवल्यानंतर मी तपासणी पुन्हा एकदा चालवली. तेव्हा माझ्याच हातून झालेल्या नऊ नव्या चुका सापडल्या. दहावी छापील प्रुफात संपादिकांनी पकडली: 'दीन विद्यार्थ्यांसाठी' याऐवजी 'दिन विद्यार्थ्यांसाठी' असे पडले होते आणि 'दिन' हा शब्दही शुद्धच असल्याने त्याखाली रेघ आली नव्हती.