म्हाताऱ्या उंदरांतला अमिलॉइड : काँगो रेड की थायोफ्लेविन?

दीड-दोन वर्षं सांभाळलेल्या उंदरांच्या अवयवांचे मेणातले ब्लॉक तयार आहेत, आता अमिलॉइड (अवयवांत साचणारं बिघडलेल्या घडीचं प्रथिन) शोधायला रंग कुठला द्यायचा यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. परळच्या आमच्या लॅबमध्ये दोन्ही होतात. माझा कल कुठे आहे ते लपणार नाहीच.

आधी थायोफ्लेविन-एसची, म्हणजे ठरावीक प्रकाशात स्वतः चमकणाऱ्या (फ्लुओरेसंट) रंगाची बाजू. काम झटपट होतं आणि बारीकसा साठाही अंधारात लख्ख उठतो. अल्झायमरसाठी जनुक बदललेल्या (ट्रान्सजेनिक) उंदरांचे मेंदू कापत असाल, तर बिनधास्त हेच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

माझं काम मात्र प्लीहा, यकृत, मूत्रपिंड, आतडं, अॅड्रिनल ग्रंथी असं. सीडी-१ या प्रयोगशाळेतल्या जातीचे उंदीर म्हातारपणी अमिलॉइडसाठी बदनामच. त्यात नर एका पिंजऱ्यात ठेवले की भांडतात, जखमा चिघळतात, सूज रेंगाळते आणि यकृत एसएए प्रथिन (ज्यापासून अमिलॉइड बनतो ते) ओतत राहतं. थोडक्यात, साठा भरपूर असतो. अडचण तो दिसण्याची नाही, ओळखण्याची आहे.

अॅड्रिनल घ्या. कॉर्टेक्स (बाहेरचा थर) आणि मेड्युला (आतला गाभा) जिथे भेटतात तिथे वय झालेल्या उंदरात सेरॉइड, म्हणजे पेशींतला जुना मेदयुक्त गाळ, साचतं, तपकिरी, दाणेदार. अमिलॉइडही नेमका तिथेच बसतो. सेरॉइड आणि त्याचाच भाऊबंद लिपोफ्युसिन कुठलाही रंग न देता स्वतःच चमकतात! थायोफ्लेविन दिलेली स्लाइड लावली की सगळा पट्टाच पिवळसर उजळतो, आणि त्यातला अमिलॉइड कोणता हे मी तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रंग न दिलेली शेजारची स्लाइड लावा, फिल्टर बदला, पुन्हा पहिली लावा. तेवढ्यात चमक फिकी पडते आणि मायक्रोस्कोपचं बुकिंगही संपतं. तरुण उंदरांत हा ताप जवळजवळ नसतो. पण वय हाच प्रयोगाचा विषय असेल, तर त्यातून सुटका नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

काँगो रेडमध्ये तीच जागा बघा. साध्या उजेडात अमिलॉइड विटकरी-गुलाबी. पोलरायझर (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत आणणारा फिल्टर) फिरवला की हिरवी झाक येते, सेरॉइड मात्र ढिम्म. कोलॅजनही चमकतं, पण पांढरं, आणि त्याला डोळा लवकर सरावतो. ही हिरवी झाक 1927 पासून ओळखीची आहे. स्लाइड कपाटात ठेवून पुढच्या आठवड्यात गाईडला दाखवली तरी चालते. पोलरायझरला बुकिंगही लागत नाही.

नखरे याचेही आहेत. सेक्शन (ब्लॉकचे काप) 8 ते 10 मायक्रॉनचे हवेत. टेक्निशियनचा हात 4-5 वर बसलेला असतो, त्यामुळे ब्लॉक देतानाच सांगा, नाहीतर हिरवं दिसणारच नाही. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की द्रावण लगेच वापरायचं. अल्कलीत सेक्शन सुटतात, म्हणून चार्ज केलेल्या स्लाइड घ्या. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत शंभर टक्के अल्कोहोल फार दिवस शंभर टक्के राहत नाही, शेवटच्या पायऱ्यांना ताजी बाटली फोडलेली बरी. आणि अगदी पुसट साठे यात निसटू शकतात, हे कबूल.

अमिलॉइड एए प्रकारचा (एसएएपासून बनलेला) की अपोए-टू प्रकारचा (त्या नावाच्या दुसऱ्या प्रथिनापासून बनलेला), हे दोन्ही रंग सांगत नाहीत, त्याला अँटिबॉडीच लागते. म्हणून ब्लॉकमधून जाड सेक्शन काढताना त्याच वेळी दोन-चार पातळ सेक्शनही काढून ठेवा.